खाल्लेलं अंगी लागावं म्हणून: मूळच्या शिडशिडीत माणसाने वजन कसं वाढवावं

"कितीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही." वयाच्या चोविशीपर्यंत हे वाक्य मी मनापासून खरं मानत होतो. उंची १७२ सेंटिमीटर आणि वजन ४९ किलो. लग्नाकार्यात भेटणारी प्रत्येक मावशी-आत्या पहिला प्रश्न वजनाचा विचारायची आणि सल्लाही ठरलेला असायचा: केळी खा, तूप खा, दुपारी झोप काढ. जाड माणसाला तोंडावर काही बोलताना लोक थोडे तरी कचरतात. बारीक माणसाला 'पाप्याचं पितर' म्हणताना कुणालाच काही वाटत नाही. हे रोज ऐकावं लागतं त्यांच्यासाठी लिहितो आहे. पुढच्या सव्वा वर्षात मी ६० किलोंपर्यंत आलो आणि तिथे टिकलो. त्या काळात काय उपयोगी पडलं आणि काय वाया गेलं, दोन्ही सांगतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करू. आपल्याला नुसता काट्यावरचा आकडा वाढवायचा नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिनांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडची माणसं बाहेरून सडपातळ दिसतात, पण आत स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटाभोवती. त्यामुळे वडापाव, फरसाण आणि मिठाई चेपून वजन वाढवलं तर हातपाय काडीसारखेच राहतात, पोट तेवढं पुढे येतं आणि मधुमेहाची वाट सोपी होते. खाणं आणि वजन उचलण्याचा व्यायाम ही जोडी म्हणूनच फोडायची नाही.

आधी बघा: ही अंगकाठी आहे की आजार

किलोतलं वजन उंचीने, म्हणजे मीटरमधल्या उंचीने, दोनदा भागा. तो तुमचा बीएमआय. माझा ४९ भागिले १.७२ भागिले १.७२, म्हणजे साधारण १६.६ होता. १८.५ च्या खाली असेल तर वजन कमी आहे असं धरतात. माझ्या उंचीला ती रेघ साधारण ५५ किलोंवर येते. तुमचा आकडा १८.५ च्या वर असेल, अंगात ताकद असेल आणि फक्त लोक बोलतात म्हणून वजन वाढवायचं असेल, तर तेवढी घाई करू नका.

शाळेपासून बारीक आहात, आई किंवा वडीलही तरुणपणी असेच होते, आणि वजन वर्षानुवर्षं एकाच आकड्यावर आहे, तर बहुधा ही अंगकाठीच. पण गेल्या सहा महिने-वर्षभरात काही न करता वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं असेल, म्हणजे ६० किलोंच्या माणसाचं तीन किलो, तर आहाराचा विचार नंतर. आधी डॉक्टरकडे जा. थायरॉइड जास्त काम करत असेल तर भूक लागते, छाती धडधडते, हात थरथरतात आणि वजन घटतं. तहान आणि लघवी वाढली असेल तर साखर तपासायला हवी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी कसर, रात्री घाम असं असेल तर क्षयाची तपासणी टाळू नका. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते, आणि उपचार सुरू झाल्यावर निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी महिन्याला १,००० रुपयेही मिळतात. गव्हाचं खाल्ल्यावर सतत पोट बिघडत असेल, तेही सांगा. साधारणपणे डॉक्टर हिमोग्लोबिनसह रक्ताची तपासणी, थायरॉइड, साखर आणि गरजेप्रमाणे शौचाची तपासणी करायला सांगतात. जंत निघाले तर त्यांचं औषध अगदी स्वस्त आहे.

बीएमआय १६ च्या खाली असेल तर घरच्या घरी एकदम खाणं वाढवू नका. फार काळ उपाशी राहिलेल्या शरीरावर अचानक भरपूर अन्नाचा मारा झाला की रक्तातल्या क्षारांचा तोल बिघडू शकतो आणि तो धोका खरा आहे. खाण्याचीच भीती वाटत असेल, किंवा मन इतकं उदास असेल की घास उतरत नाही, तर त्यावरही उपचार असतात. 'टेली-मानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी क्रमांक १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं.

बायकांसाठी वेगळं सांगायला हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. वजन फार कमी असेल तर पाळीही अनियमित होते. आणि अनेक घरांत अजून सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी एक बाई असते. तिचं ताट सगळ्यांबरोबर वाढलं जात नाही तोवर खालच्या कुठल्याच सल्ल्याला अर्थ नाही.

काही जणांचं वजन का वाढत नाही

१९९९ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी १६ जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १,००० कॅलरी जास्त खायला दिल्या. खाणं मोजून दिलेलं, व्यायाम सगळ्यांना बेताचाच. एकाची चरबी जेमतेम पाव-अर्धा किलो वाढली आणि दुसऱ्याची चार किलोंहून जास्त. फरक कशात पडला? ज्यांची वाढली नाही ते नकळत जास्त हालचाल करत होते: उठणं-बसणं, येरझाऱ्या, पाय हलवणं, चुळबुळ. म्हणजे तुमचं शरीर जादा खाणं असं उडवून टाकत असेल, ते शक्य आहे. पण त्याचा अर्थ वजन वाढणं अशक्य आहे असा नाही. इतरांना ३०० कॅलरी जास्त लागतील तिथे तुम्हाला ५०० लागतील.

दुसरं कारण मला स्वतःच्या वहीत सापडलं.

सात दिवस फक्त लिहा

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका. तोंडात गेलेला प्रत्येक घास लिहून ठेवा: किती पोळ्या, वाटीभर की अर्धी वाटी, चहा किती कप, बिस्किटं किती. ॲप वापरा नाहीतर साधी वही, पण त्याच वेळी लिहा. रात्री आठवून लिहिलं की चुकतं.

मी तेव्हा मेसचा डबा खायचो. 'मी तर भरपूर खातो' याचा पुरावा म्हणून वही सुरू केली आणि उलटंच निघालं. सोमवारी रात्री सात पोळ्या, ते सगळ्यांच्या लक्षात राहायचं. पण मंगळवारी सकाळी चहा-बिस्किटांवर दुपारचे दोन वाजलेले. गुरुवारी उपास. रविवारी मेस संध्याकाळी बंद, म्हणून रात्री दोन केळी. सरासरी काढली तर दिवसाला १,९०० कॅलरींच्या आसपास. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये बैठं काम करणाऱ्या ६५ किलोंच्या पुरुषासाठी दिवसाला २,११० कॅलरी धरल्या आहेत. मला वजन त्या माणसाकडे न्यायचं होतं आणि खात होतो त्याच्याहून कमी. बारीक माणसं एखाद्या जेवणाला खरंच खूप खातात, पण आठवडाभर सारखं खात नाहीत. वही लिहा, तुमच्या आठवड्यातली भोकं तुम्हाला दिसतील.

ताट मोठं करू नका, ताटातलं अन्न भरीव करा

तुमची सरासरी मिळाली की त्यात रोज ३०० ते ५०० कॅलरी मिळवायच्या. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, त्यावरून अंदाज येईल. आठवड्याला पाव किलो, फार तर अर्धा किलो, हा वेग योग्य. त्याहून वेगाने वाढलेलं बहुतेक पोटावरच जातं.

५०० कॅलरी ऐकायला मोठा आकडा वाटतो. हिशेब बघा: मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे १७० कॅलरी, २०० मिलिलिटरचा एक ग्लास म्हशीचं दूध २००, आणि एक केळं १००. झाले ४७०. जेवणाला हात न लावता, दिवसभरात तीन वेळा दोन-दोन मिनिटं काढून.

बारीक माणसाचं पोट लवकर भरतं. 'आणखी एक पोळी घे' हा आग्रह म्हणूनच टिकत नाही. चार दिवस होतो, पाचव्या दिवशी अन्न बघवत नाही. त्यापेक्षा आहे त्याच घासात भर घाला, आणि याबाबतीत आपलं स्वयंपाकघर फार श्रीमंत आहे. भाजीत आणि कोशिंबिरीत दाण्याचं कूट. भाकरीबरोबर दोन चमचे शेंगदाण्याची चटणी आणि तिच्यात चमचाभर कच्चं तेल: सहज दीडशे कॅलरी वाढतात, पोळी-भाकरीचा एकही तुकडा न वाढवता. कारळ्याची, जवसाची, तीळ-खोबऱ्याची चटणीही तशीच. वरणभातावर किंवा मेतकूट-भातावर चमचाभर तूप, ४५ कॅलरी. थालीपिठावर लोणी. दुधात खारकेची पूड. नाचणीचं सत्त्व पाण्याऐवजी दुधात. तूप दिवसाला दोन-तीन छोटे चमचे पुरे. घरात हृदयविकार किंवा कोलेस्टेरॉलचा इतिहास असेल तर भर तुपावर न देता शेंगदाणे, तीळ, जवस, बदाम यांच्यावर द्या.

पिण्यातून गेलेलं अन्न पोटाला कमी जड वाटतं. सकाळी भूकच नसते अशांना मी एकच गोष्ट सांगतो: ग्लासभर दूध, एक केळं, दोन चमचे शेंगदाणा किंवा सातूचं पीठ, चार खजूर मिक्सरमधून फिरवून घोट-घोट प्या. ४०० च्या वर कॅलरी जातात. दूध पचत नसेल तर दही घालून करा किंवा सोयाबीनचं दूध वापरा. जेवणाच्या अगोदर तांब्याभर पाणी पिऊ नका, आणि काकडी-गाजर टाळायचं नसलं तरी जेवणाच्या सुरुवातीला त्यानेच पोट भरू नका.

उपासाचा दिवस बुडू देऊ नका. श्रद्धा तुमची, ती सोडायला मी सांगत नाही. पण नुसत्या चहावर काढलेला गुरुवार तीन दिवसांची कमाई खातो. वरईचा भात आणि दाण्याची आमटी, रताळं, राजगिऱ्याचे लाडू, दूध, खजूर, दही हे सगळं उपासाला चालतंच.

हे एकदम सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात एकच भर, दुसऱ्यात दुसरी. नाहीतर गॅस होतो, पोट डब्ब होतं आणि माणूस सगळंच सोडतो. मी पहिल्या खेपेला तेच केलं आणि दोन महिने फुकट घालवले.

प्रथिनं: इथे बहुतेक शाकाहारी ताटं कमी पडतात

सर्वसाधारण माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरेशी धरतात. व्यायाम करून स्नायू वाढवायचे असतील तर किलोमागे १.४ ते १.६ ग्रॅम ठेवा, म्हणजे ५० किलोंच्या माणसाला ७० ते ८० ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

एका पोळीत सुमारे ३ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात किंवा मटकीच्या उसळीत ६ ते ७. मेसच्या आमटीत पाणीच जास्त, ती मोजूच नका. तळातलं वाढायला सांगा. म्हशीच्या दुधाच्या ग्लासात ७, एका अंड्यात ६, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९, मूठभर शेंगदाण्यांत ७ ते ८, ५० ग्रॅम फुटाण्यांत १०. सोयाबीनच्या वड्या सगळ्यांत स्वस्त: कोरड्या ३० ग्रॅममध्ये १५ ग्रॅम. आता मांडून बघा. दिवसभरात पाच पोळ्या, एक वाटी वरण, एक वाटी उसळ, दोन ग्लास दूध, वाटीभर दही, शेंगदाणे, फुटाणे आणि सोयाच्या वड्यांची भाजी. एवढ्यात ८० ग्रॅमच्या आसपास भरतात, पावडरच्या डब्याशिवाय. मांसाहार करणाऱ्यांचं काम सोपं आहे. कोकणात-गोव्यात बांगडा रोजच्या ताटात असतो, आणि दोन उकडलेली अंडी कुठल्याही गाडीवर मिळतात. शाकाहारी असाल तर बी-१२ हे जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या. ते कमी असलं की थकवा येतो आणि व्यायामाला अंग उठत नाही.

आठवड्यातून तीन दिवस वजन उचला

व्यायामाने आणखी बारीक होईन, ही भीती मलाही होती. धावण्याबाबत ती काही अंशी खरी आहे: ५० किलोंचा माणूस ५ किलोमीटर धावला की सुमारे २५० कॅलरी गेल्या. धावायला आवडत असेल तर धावा, पण तेवढं खाणं वेगळं वाढवा. वजन उचलण्याचं मात्र उलट आहे. जादा अन्नाचं स्नायूत रूपांतर व्हायला शरीराला कारण लागतं, आणि ते कारण म्हणजे ओझं.

जिम नसली तरी चालतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार धरा. बैठका. जोर, ते जमत नसतील तर गुडघे टेकून किंवा भिंतीला हात लावून. पाठीसाठी पुस्तकं भरलेली सॅक हातात धरून, कमरेतून पुढे झुकून, ती पोटाकडे ओढणं. तीच सॅक पाठ सरळ ठेवून जमिनीवरून उचलून उभं राहणं. आणि दारातल्या बारला किंवा मैदानातल्या दांडीला लटकून वर ओढणं. प्रत्येकाच्या दोन-तीन फेऱ्या, फेरीत ८ ते १२ वेळा, मध्ये दोन मिनिटं थांबून. पाऊण तासात आटोपतं. शेवटचे दोन जोर खरोखर जड गेले पाहिजेत. ते सोपे वाटायला लागले की ओझं वाढवा. सॅकमध्ये पाण्याची एक लिटरची बाटली म्हणजे एक किलो, पिठाची पिशवी म्हणजे पाच.

तालमीतल्या शेकडो जोर-बैठकांचं आपल्याला फार कौतुक असतं, आणि पैलवानाच्या दमसासासाठी ते योग्यच आहे. पण त्याच्यामागे दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मटण असा खुराक असतो. मेसच्या डब्यावर रोज ३०० बैठका मारल्या तर आहे तेही झिजेल. आपल्याला वेळा वाढवायच्या नाहीत, ओझं वाढवायचं आहे. पाठीचा किंवा गुडघ्याचा जुना त्रास असेल तर पहिले काही दिवस जाणत्या प्रशिक्षकासमोर करा.

आणि झोप सात-आठ तास. स्नायूची डागडुजी विश्रांतीतच होते. तंबाखू, मिश्री, सिगारेट भूक मारतात. दिवसाला सहा कप चहाही मारतो. जेवणाबरोबर घेतलेला चहा तर अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. तो तासभर लांब ठेवा.

डबे, बाटल्या आणि पुड्या

इथे मला कळकळीने सांगायचं आहे. 'महिन्यात दहा किलो' म्हणून बिनलेबलच्या पुड्या, चूर्णं, कॅप्सूल विकल्या जातात. अशा मालात डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइडं मिसळलेली सापडली आहेत. भूक भडकते, चेहरा गोल होतो, घरचे खूश होतात. आत रक्तदाब आणि साखर चढत असते, हाडं ठिसूळ होत असतात, आणि शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवतं. त्यामुळे अशी पुडी महिनोन्‌महिने घेतली असेल तर ती स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नका. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा. भुकेचं म्हणून मिळणारं सायप्रोहेप्टाडिनचं सिरप मुळात ॲलर्जीचं औषध आहे. झोप येते, भूक वाढते, आणि बाटली संपली की भूक पूर्ववत. माझ्या एका मित्राचं औषधाच्या दुकानातून सहज घेतलेल्या अशा बाटलीने चार किलो वाढलं आणि तीन महिन्यांत उतरलं.

मास गेनर, म्हणजे वजन वाढवण्याच्या पावडरच्या महाग डब्यांत बहुतेक भाग माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पिठापासून केलेली साखरेसारखीच पूड असते. डब्याच्या मागचं लेबल वाचा. तेवढ्या पैशांत महिनाभराचं दूध आणि शेंगदाणे येतात. व्हे प्रोटीन, म्हणजे दुधातल्या प्रथिनांची पावडर, वाईट नाही; ताटातून प्रथिनं पुरत नसतील तर सोय म्हणून घ्यावं, एवढंच.

मोजणं आणि फेरफार

आठवड्यातून तीन वेळा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, उपाशीपोटी, त्याच काट्यावर वजन करा आणि तिन्हींची सरासरी लिहा. एका दिवसात एक-दीड किलोचा फरक पाण्यानेही पडतो, त्यावर हर्ष-खेद नको. टेप घेऊन महिन्यातून एकदा दंड, छाती, मांडी आणि बेंबीजवळ कंबर मोजा. दंड आणि मांडी वाढते आहे, कंबर जवळजवळ तिथेच आहे, म्हणजे बरोबर चाललं आहे. कंबर एकटीच वाढत असेल तर खाणं शंभर-दोनशे कॅलरींनी कमी करा आणि सॅक जड करा. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० ओलांडता कामा नये, वजन कितीही कमी असलं तरी.

सलग तीन आठवडे सरासरी हलली नाही तर भर वाढवा: आणखी एक ग्लास दूध, किंवा मुठीऐवजी दीड मूठ दाणे. वजन वाढत जातं तशी शरीराची मागणीही वाढते, म्हणून ५२ किलोंवर पुरणारं खाणं ५६ वर पुरत नाही. मी दोनदा असाच अडकलो होतो, आणि दोन्ही वेळा वही उघडल्यावर रविवार संध्याकाळचं जेवणच गळालेलं सापडलं.

मध्येच ताप येईल, परीक्षा येईल, दोन किलो उतरतील. बरं वाटलं की पहिले दोन-तीन दिवस मऊ भात-तूप, दही, केळी. मग जुनी भर पुन्हा सुरू. सॅकमधून पहिल्या आठवड्यापुरत्या एक-दोन बाटल्या काढून ठेवा, दुसऱ्या आठवड्यात परत भरा. गेलेले ते दोन किलो पहिल्यांदा मिळवले त्याहून लवकर परत येतात.